चौदा तासांचं घड्याळ

आजच्या भागाआधी एक प्रामाणिक प्रश्न. ऑफिसची टाइमशीट तुम्ही खरी भरता का? मी नाही भरत. शुक्रवारी संध्याकाळी आठ-आठ तास एकदम टाकतो आणि मोकळा होतो. अमेरिकेतले बरेच ट्रक ड्रायव्हर वर्षानुवर्षं हेच करत आले. फरक इतकाच, की माझ्या थापेने कुणाचा जीव जात नाही.

गोष्ट सुरू होते १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्यापासून. त्याच्या आधारे पुढच्या काही वर्षांत ड्रायव्हिंगच्या तासांवर मर्यादा आली. नोंद कागदी लॉगबुकात ठेवायची आणि तीही ड्रायव्हरनेच. या वहीला ड्रायव्हर लोक काय म्हणायचे? 'कॉमिक बुक'! म्हणजे आतली गोष्ट काल्पनिक. काहीजण तर दोन वह्या ठेवायचे, एक खरी आणि एक तपासणीवाल्याला दाखवायला.

पण लगेच त्यांना लबाड ठरवू नका. आधी पगार बघा. लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरना मैलामागे पैसे मिळतात. गोदामाच्या दारात चार तास ताटकळलात, तर ते बहुधा फुकट. शिवाय १९३८ च्या कामगार कायद्याने यांना ओव्हरटाइममधून वगळलं, ते बहुतांशी आजही तसंच आहे. थोडक्यात, चाक फिरलं तरच पैसा. मग वही खोटी होणारच ना?

आता नियम असा: सलग १० तास विश्रांती झाली की १४ तासांचं घड्याळ सुरू होतं. त्यात फार तर ११ तास गाडी चालवायची. मध्ये जेवा, ट्रॅफिकमध्ये अडका, गोदामाबाहेर रांगेत उभे राहा, घड्याळ सहसा थांबत नाही.

सरकारने २०१० मध्ये काही कंपन्यांवर इलेक्ट्रॉनिक यंत्राची सक्ती आणली. ड्रायव्हर-मालकांची संघटना, ओओआयडीए, कोर्टात गेली आणि २०११ मध्ये जिंकलीसुद्धा! याच यंत्रातून कंपन्या ड्रायव्हरला छळू शकतात, याचा नीट विचारच झालेला नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. पण २०१२ मध्ये काँग्रेसने कायदाच केला. २०१५ मध्ये नवा नियम आला, त्यालाही आव्हान दिलं गेलं, पण या वेळी तो टिकला. १८ डिसेंबर २०१७ पासून 'ईएलडी' लागू झालं. इंजिनाला जोडलेला डबा. गाडीने ताशी पाच मैलांचा वेग गाठला की तो स्वतःच 'ड्रायव्हिंग' लिहितो. एप्रिल २०१८ पासून, हा डबा नसेल तर तपासणीत गाडी तिथेच उभी करायला लागले.

ड्रायव्हर काय म्हणाले? दोन तट पडले. एक गट खूश: लिहायची कटकट गेली, आणि डिस्पॅचर "अजून थोडं चालव" म्हणाला तर सरळ सांगता येतं, "यंत्र नाही म्हणतंय." दुसरा गट चिडला: "झोप कधी येते ते मला कळतं, डब्याला नाही." पार्किंग मिळेना आणि घड्याळ संपत आलेलं, अशा वेळी हे बोलणं हसण्यावारी नेता येत नाही.

तपासणीतही गंमत झाली. पूर्वी अधिकारी वही हातात घेऊन चाळायचा. आता प्रत्येक कंपनीचा स्क्रीन वेगळा, डेटा पाठवायची पद्धत वेगळी. कॅरन लेव्ही या संशोधिकेने नोंदवलंय, की काही ड्रायव्हर यंत्र नसतानाही ते असल्याचं स्टिकर लावायचे. स्टिकर बघून अधिकारी पुढे जाऊ देईल, ही आशा!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अपघात कमी झाले का? तीन संशोधकांनी सरकारी आकडेवारी तपासली. तासांचे नियम मोडणं स्पष्टपणे घटलं, अपघात मात्र घटलेले दिसले नाहीत. उलट छोट्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये वेगमर्यादा मोडण्यासारखे प्रकार वाढले. सरळ आहे, तास वाढवता येत नसतील तर माणूस वेग वाढवतो.

कोड लिहिणारा म्हणून मला एक गोष्ट खटकते. या लॉगमध्ये मुख्य स्थिती चार: ड्युटीबाहेर, बर्थमध्ये झोप, ड्रायव्हिंग, ड्युटीवर पण ड्रायव्हिंग नाही. गोदामवाल्याने चार तास रखडवलं, हे लिहायला वेगळा रकाना नाही. म्हणजे ड्रायव्हरचा मिनिटा-मिनिटाचा हिशोब द्यायचा, आणि त्याचा वेळ ज्याने खाल्ला त्याचा हिशोब कुणीच मागायचा नाही.

खोटी वही गेली, ते चांगलंच झालं. पण ती खोटी लिहायला लावणारा पगार तसाच राहिला. पुढच्या वेळी ऑफिसात कुणी नवं ट्रॅकिंगचं ॲप आणलं, तर एवढं नक्की विचारा: यात माझ्या वेळेची नोंद आहे, पण तुमच्यामुळे वाया गेलेल्या वेळेचं काय?

भेटू पुढच्या भागात!