सांधा नरम हवा

गिरणगावाची सकाळ भोंग्याने व्हायची आणि वाट चुकलेला पाहुणा धुराडे पाहून पत्ता शोधायचा. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी स्थापली. १८५६ मध्ये तिचे सूत निघू लागले. पुढे विटांच्या धुराड्यांनी मुंबईचे आकाश भरून गेले.

ती जुनी धुराडी चुन्यात बांधलेली. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्येच घेतले होते. पण पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट निघायला १९१४ साल उजाडले. तोवर आपल्याकडे राज्य होते ते घाणीत मळलेल्या चुन्याचे. त्यात वाळू किंवा सुर्खी, कुठे गूळ, कुठे हिरड्याचे पाणी.

माझे मामू गवंडी होते. ते म्हणत, ‘‘बेटा, विटेपेक्षा सांधा नरम पाहिजे.’’ मला हे उलटेच वाटे.

धुराड्याच्या आत कोळशाचा धूर, बाहेर पावसाळा. धुरातले गंधक ओलीबरोबर सांध्यात उतरते आणि तो भुसभुशीत करते. वीट तापली की फुगते, निवली की आकसते. चुन्याचा सांधा ही हालचाल सोसतो, ओल बाहेर सोडतो आणि स्वतः झिजतो. मग जुन्या दरजा खरवडायच्या, धूळ झाडायची, पाणी मारायचे, नवा चुना थराथराने दाबून भरायचा आणि गोणपाटाने ओला राखायचा. घाईने सिमेंट भरले तर सांधा शाबूत राहतो. ओल मात्र विटेत अडकते आणि विटेचेच पापुद्रे सुटतात. सांधा पुन्हा भरता येतो, वीट कशी भरणार?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. काही धुराडी पाडली गेली, काही मॉलच्या आवारात उरली. त्यांच्या सावलीतून कोकणातले, घाटावरचे आणि मदनपुऱ्यातले मोमीन विणकर पाळीला जात असत. ती माणसे एकमेकांचे सोसत, कधी भांडत, पुन्हा जुळवून घेत. १९९२-९३ च्या दंगलीत या शहराच्या विटाच फुटताना मी पाहिल्या, तेव्हा मामूंचे बोलणे उमगले.

मामू विरवलेला चुना मडक्यात पाण्याखाली राखून ठेवत. कशाला, असे विचारले की म्हणत, ‘‘पावसाळा काय, एकदाच येतो?’’