भिंतीच्या आत काय आहे?

घर विकणे ही आपल्या भागात पूर्वी चारचौघांत सांगण्याजोगी गोष्ट नव्हती. अडीअडचणीला शेत गहाण पडे, बैल विकला जाई. पण घर विकले म्हणजे माणूस बसला, असे गाव समजे. आता धाराशिवची मुले पुण्याला, सोलापूरला नोकरीला जातात, वन बीएचके फ्लॅट घेतात, काही वर्षांनी नव्या फरश्या, नवा ओटा, नवा रंग करून तो विकतात आणि मोठा घेतात. यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न एवढाच, की गिऱ्हाइकाला दाखवायचे काय?

‘दस्त’ म्हणजे फारसीत हात. त्यावरून दस्तऐवज. खरेदी हा शब्दही फारसीच. त्याच कागदावर ‘चतुःसीमा’ हा संस्कृत शब्द सुखाने नांदतो. निजामी राजवटीत इथले कागद उर्दूत होत. पुढे ते मराठीत आले, शब्द मात्र राहिले. फ्लॅट ही वस्तू या कागदावर फार उशिरा आली. बिल्डर पैसे घेऊन लेखी काही देत नाहीत, अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा 1963 साली महाराष्ट्राने मालकी सदनिकांचा कायदा केला आणि करारनाम्याची नोंदणी सक्तीची झाली. 2016 चा रेरा कायदाही मुख्यतः बिल्डरसाठी आहे. आपला जुना फ्लॅट विकणाऱ्या साध्या माणसाला लागू होतो तो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचे 55 वे कलम सांगते, की साध्या पाहणीत खरेदीदाराला न दिसणारा, पण विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट ठरते.

या कलमाचा अर्थ आपल्या जिल्ह्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. किल्लारीबरोबर आपल्याकडची सास्तूर, राजेगाव ही गावेही जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसे गेली. ती घरे दिसायला भक्कम होती. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर माळवद. पण भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेला नव्हता. मध्ये माती आणि कपच्या. माळवदावर वर्षानुवर्षे चढलेल्या पांढऱ्या मातीचे ओझे. चुन्याच्या हाताखाली यातले काहीच दिसत नव्हते.

त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसली. खणांत मोजली जाणारी घरे 250, 400, 750 चौरस फुटांत मोजली जाऊ लागली. त्याहून कमी बोलले जाते ते दुसऱ्या कामाबद्दल. तेरा जिल्ह्यांत लाखाहून अधिक जुनी घरे जागेवरच दुरुस्त झाली. भिंतीचे दोन्ही थर बांधणारे जोड घातले गेले, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार दिले गेले, माळवदाची माती कमी केली गेली. हेही नूतनीकरणच होते. फक्त पाहुण्याला दाखवण्यासारखे त्यात काही नव्हते.

शहरात उलटे घडते. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळून 17 जण दगावले. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि संशयाचे बोट त्याच कामाकडे गेले. फ्लॅटमध्ये भिंत आपली, पण खांब सगळ्यांचा असतो. हॉल मोठा दिसावा म्हणून त्याला छिन्नी लावली, तर वरच्या मजल्यावर झोपलेल्यांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून फ्लॅट विकताना सोसायटीच्या भाग-दाखल्याबरोबर आणखी एक साधा कागद द्यावा. काय फोडले, काय बांधले, पाण्याची गळती कुठे होती, कोणत्या अभियंत्याला दाखवले, ते लिहून सही करावी. घेणाऱ्यानेही फरशीचा भाव विचारण्याआधी हा कागद मागावा. किंमत थोडी कमी येईल, येऊ द्या. त्या घरात उद्या कुणाची तरी लेकरे निजणार आहेत.