पोलिसांचा जुल्म आणि जनमत : देशोदेशीचे चित्र

पोलिसांनी कोठडीत मारले, खोटी चकमक केली की लोक चिडतात, असे आपण धरून चालतो. पण तसे नेहमी होत नाही. मार खाणारा लोकांना ‘आपला’ वाटतो का, यावर बरेच काही ठरते.

इजिप्तचे उदाहरण घ्या. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालिद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी सायबर कॅफेत पकडून मरेपर्यंत मारले. अमली पदार्थाची पुडी गिळून मेला, असे पोलीस म्हणाले. तिथे आणीबाणीचा कायदा १९८१ पासून होता, कोठडीतला छळ काही नवा नव्हता. पण खालिद मध्यमवर्गीय घरातला. त्याच्या विद्रूप चेहऱ्याचा फोटो पसरला आणि ‘आपण सगळे खालिद सईद’ या नावाचे फेसबुक पेज निघाले. मोर्चासाठी दिवसही मुद्दाम निवडला, २५ जानेवारी, म्हणजे तिथला पोलीस दिन! ११ फेब्रुवारी २०११ ला होस्नी मुबारक यांना खुर्ची सोडावी लागली. ट्युनिशियातल्या उठावाचाही यात मोठा हात होता, हे विसरू नये.

नायजेरियात दरोडेखोरांसाठी १९९२ मध्ये ‘सार्स’ हे पथक काढले. पुढे लॅपटॉप, महागडा फोन दिसला तरी ते तरुणांना अडवून पैसे उकळू लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये तरुण रस्त्यावर आले, सरकारला पथक मोडावे लागले.

अमेरिकेत तर एकाच देशात दोन मते. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर, २०२०च्या गॅलप पाहणीत पोलिसांवर भरवसा असलेले गोरे ५६ टक्के, कृष्णवर्णीय फक्त १९ टक्के.

आणि आपल्याकडे? ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार-हत्येतले चार आरोपी पोलिसांनी गोळ्या घालून मारले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. गुन्हा भयंकरच होता, राग खरा होता. पण न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने झाला, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. या अहवालावर ना मोर्चा निघाला, ना मेणबत्त्या लागल्या.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी देणे अजून बाकीच आहे. निवडणुकीच्या सभेत हा विषय मी तरी कधी ऐकलेला नाही.