नौकेतील लाकूडकामाचे रोगण

नौकेच्या केबिनमधील चौकटी, कठडे, फळ्या आणि कपाटांची दारे यांचे ओलाव्यापासून रक्षण व्हावे म्हणून त्यांवर चढवल्या जाणाऱ्या पारदर्शक थरास रोगण किंवा व्हार्निश म्हणतात. ‘रोगण’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ तेल असा आहे. हवेत सुकून घट्ट होणारे तेल हाच पारंपरिक रोगणाचा पाया होय.

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याशी या विषयाचा संबंध दोन वाटांनी पोहोचतो. भीमा नदीवरील उजनी धरण याच तालुक्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयावर मासेमारीच्या होड्या चालतात. उघड्या होडीत सजावटीचे लाकूडकाम नसते हे खरे; परंतु लाकडी नौका कोणतीही असो, गोड्या पाण्यात ती अधिक जपावी लागते. समुद्राच्या मिठामुळे लाकूड कुजवणारी बुरशी मंदावते, गोड्या पाण्यात ते संरक्षण मिळत नाही. लाकडातील ओलावा सुमारे वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. रोगण ओलावा पूर्णपणे रोखत नाही, त्याची ये-जा मंद करते.

दुसरा संबंध करडईचा. रब्बी ज्वारीच्या शेताला कडेने काटेरी करडई लावण्याची पद्धत या भागात जुनी आहे. करडईचे बी तापवून काढलेले काळे, चिकट तेल पूर्वी मोटेच्या चामड्याला चोळत, म्हणजे पाण्यापासून बचावाचा हा गुण शेतकऱ्यांना ठाऊक होताच. जवसाचे तेल लवकर सुकते, पण त्यात लिनोलेनिक आम्ल निम्म्याहून अधिक असल्याने थर कालांतराने पिवळा पडतो. करडईच्या तेलात हे आम्ल नाममात्र असते. ते सुकते सावकाश, पण पिवळे पडत नाही. म्हणून फिकट रंगांसाठी व रंगहीन लेपांसाठी त्यापासून अल्किड राळ तयार करतात. जेथे ऊन फारसे पोहोचत नाही अशा केबिनमध्ये हा गुण विशेष मोलाचा, कारण जवसाचा थर अंधारातच अधिक पिवळा होतो. उजनीच्या पाण्याबरोबर माढ्यात ऊस वाढला आणि करडईचे पट्टे विरळ झाले, हा योगायोग मात्र चमत्कारिक म्हणावा लागेल.

घरच्या फर्निचरला शोभणारे फ्रेंच पॉलिश नौकेत चालत नाही. त्यातील लाखेवर पाणी साचले की पांढरे डाग उमटतात.

कामाची रीत सोपी, पण वेळखाऊ आहे. जुना सुटलेला थर खरवडून लाकूड रेषांच्या दिशेने पॉलिश पेपरने घासतात; प्रथम १२० क्रमांकाचा, नंतर २२० क्रमांकाचा कागद वापरतात. सागवान मुळातच तेलकट असल्याने पहिल्या हातापूर्वी ते थिनरने पुसणे आवश्यक ठरते. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ केलेला असावा. पुढचे हात घट्ट नव्हे, पातळच द्यावेत व प्रत्येक दोहोंमध्ये ३२० क्रमांकाच्या कागदाने हलके घासावे. आतील कामास चार-पाच हात पुरतात. उन्हात उघड्या पडणाऱ्या लाकडाला याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. कारागीर सहसा दर्शनी बाजू चकचकीत करतात आणि फळीचे आडवे कापलेले टोक विसरतात. लाकूड सर्वाधिक पाणी त्या टोकातूनच पिते. कूज तेथून सुरू होते व वरचा थर तुकतुकीत असताना आत पसरते. फळीची मागची बाजूही बसवण्यापूर्वीच रंगवलेली बरी.

पावसाळी दमट हवेत थर धुरकट होतो, तर सोलापूरकडील वैशाखाच्या दुपारी ब्रशच्या खुणा मिटण्याआधीच तो आळतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस, आणि त्यातही सकाळचे दव ओसरल्यानंतरचे तास, सोयीचे.

बंद केबिनमध्ये थिनरची वाफ तळाशी साचते. तिने माणूस गुंगतो आणि एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून दारे-खिडक्या उघडी ठेवून, इंजिन व स्टोव्ह बंद करूनच काम करावे. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास सुकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने तो आपोआप पेटतो. अशा चिंध्या पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात, नौकेत ठेवू नयेत.