निळं दूध

कोल्हापूरकराला दुधाबद्दल शिकवायला जाऊ नये म्हणतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास हातात देणारं हे गाव! पण त्या ग्लासातल्या दुधाचं वय असतं जेमतेम दोन मिनिटं. खरी भानगड सुरू होते ती दूध कॅनमध्ये बसून प्रवासाला निघालं की.

१९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपलं 'गोकुळ', सुरू झालं. गावोगावच्या संस्थांचं दूध एकत्र येऊ लागलं. फॅट काढायची गर्बर पद्धत तोवर चांगली जुनी झालेली. पण दुधात जिवाणू किती माजलेत, ते कसं ओळखायचं?

त्याचं उत्तर होतं कापड रंगवायच्या रंगात. मिथिलीन ब्लू, १८७६ मध्ये हाइनरिश कारो या जर्मन केमिस्टनं बनवलेला. १० मिली दुधात या रंगाचं १ मिली द्रावण घालायचं, नळीला बूच लावायचं, ३७ अंशाच्या पाण्यात उभी करायची आणि घड्याळ बघत बसायचं. जिवाणू आधी दुधात विरघळलेला ऑक्सिजन फस्त करतात. तो संपला की त्यांचे इलेक्ट्रॉन रंगाकडे जातात आणि निळं दूध परत पांढरं होतं. रंग पाच तास टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासात उडाला तर... असो.

गंमत बघा, हे रंग उडणं आकड्यात बसवणारा माणूसही मूळचा डेअरीवालाच! विल्यम मॅन्सफील्ड क्लार्क १९१० ते १९२० अमेरिकन कृषी खात्याच्या डेअरी विभागात होता. पुढे १९२० च्या दशकात त्यानं सहकाऱ्यांबरोबर एकेका रंगाचं रेडॉक्स पोटेन्शियल मोजलं. द्रावणात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड, जोडीला संदर्भ इलेक्ट्रोड, आणि दोघांतलं व्होल्टेज वाचायचं. ताजं दूध साधारण +२०० ते +३०० मिलिव्होल्ट दाखवतं. मिथिलीन ब्लू अर्धा उडतो तो उदासीन द्रावणात +११ च्या आसपास. आमच्या भाषेत, ती नळी म्हणजे एक बिटचा व्होल्टमीटर :)

पण तासन्‌तास थांबणार कोण? तोवर दूध पुढे गेलेलं असतं. म्हणून डेअरीच्या दारात नळीत दूध उकळून फाटतंय का तेवढं बघतात. त्यात कॅन सगळ्या गावाचा. एकाचं भांडं नीट धुतलेलं नसलं तरी परत येतो तो सगळ्यांचा माल, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

पुढे गावागावांत बल्क कूलर आले, दूध ४ अंशाला राहू लागलं. आता थंडीत वाढणारे जिवाणू ३७ अंशाच्या नळीत सुस्त पडतात. रंग निळाच राहतो आणि दूध मात्र आतून बिघडलेलं असू शकतं.