हेलसिंकी ते टोकियो : एका अंतराचा इतिहास

दोन विमानतळांमधील अंतर भूगोलाने एकदाच ठरवून दिलेले असते, असा आपला समज असतो. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणावा, त्याची लांबी विमानाच्या वेगाने भागावी, की प्रवासाचा वेळ निघाला. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये असा दोरा ताणला तर तो सुमारे ७,८०० किलोमीटर भरतो. परंतु या दोऱ्याचा बहुतेक भाग रशियाच्या भूमीवरून जातो आणि खरा इतिहास तिथूनच सुरू होतो.

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश परकीय विमानांना सहजी खुले नव्हते. उत्तर युरोपातून जपानला जाणारा प्रवासी भारतीय उपखंड, आग्नेय आशिया असा वळसा घेई आणि त्याला पन्नासहून अधिक तास लागत. १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवावरून, अलास्कातील अँकरेज येथे थांबून टोकियो गाठण्यास प्रारंभ केला. पन्नास तासांचे बत्तीस झाले. पुढे १९८३ साली फिनएअरने जादा इंधनाची सोय केलेले डीसी-१० विमान हेलसिंकीहून ध्रुव ओलांडून, बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून, कोठेही न थांबता टोकियोला नेले. सोव्हिएत सीमा टाळून केलेला हा प्रवास सुमारे तेरा तासांचा होता. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रे मिळाली.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर सायबेरियाचे आकाश अधिक मोकळे झाले. तेरा तासांचे साडेनऊ-दहा झाले. युरोप आणि पूर्व आशिया यांना जोडणारे सर्वांत जवळचे ठाणे म्हणून हेलसिंकीने आपली ओळख उभारली, ती या वाचलेल्या तासांवर.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियानेही तेच उत्तर दिले. मार्चमध्ये फिनएअरची टोकियोची उड्डाणे पुन्हा सुरू झाली, ती ध्रुवावरून. वेळ, सुमारे तेरा तास. प्रमाणपत्रेही पुन्हा वाटली गेली. १९८३ साली जी वाट पराक्रमाची होती, तीच २०२२ मध्ये निरुपायाची ठरली. वाट तीच, तासही जवळजवळ तेच. अर्थ मात्र पार उलटा.

हा अनुभव आपल्यालाही परका नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारा प्रवास असाच लांबला.

प्रगती म्हणजे अंतर सतत कमी होत जाणे, असे आपण गृहीत धरून चालतो. हेलसिंकी-टोकियोचा दाखला सांगतो, की मिळवलेले तास परतही जातात. विमानांचे वेळापत्रक हा रुक्ष कागद वाटतो खरा. पण कोणत्या राष्ट्राचे कोणाशी पटत नाही, हे त्यातील आकडे निमूटपणे नोंदवून ठेवत असतात. इतिहासाच्या अभ्यासकाने तो एक दस्तऐवज म्हणूनच वाचायला हवा.