माळवदी घराच्या भिंतींची डागडुजी
पिंगळी (ता. परभणी) आणि एकूणच मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरांत छताचा भार लाकडी खांब व तुळया पेलतात. खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, उभा असतो. घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेच्या मापाने, मोजतात. आतली भिंत माती-दगडाची किंवा कच्च्या विटांची असते. तिच्यावर भार कमी असल्याने ती खणाखणाने उतरवून पुन्हा रचता येते. मात्र तुळईचे टोक भिंतीत गेले असेल, तर आधी टेकू द्यावा लागतो.

जुना गिलावा काढल्यावर खांबाचा बुडखा टोचून पाहतात. ओल आणि वाळवी तिथेच सापडते. नव्या गिलाव्यासाठी माती, भुसा व शेण कालवून काही दिवस मुरवतात. हल्ली त्याऐवजी सर्रास सिमेंट थापतात. त्याने ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात आणि लाकूड कुजते. हा खर्च वायाच म्हणायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती ढासळल्या, तरी कित्येक घरांचे लाकडी सांगाडे उभे राहिले. अशा जाड दगडी भिंतीचे आतले व बाहेरचे थर सुटे होऊन ती ढासळू नये, म्हणून ती रचताना दोन्ही थर सांधणारे आरपार दगड घालणे आवश्यक ठरते.